तीन पत्तीची सवय आणि पोकरचं टेबल

पोकर शिकायला बसणारा मराठी माणूस सहसा कोरा नसतो. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी तो रमी शिकलेला असतो, लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीन पत्ती खेळलेला असतो. पत्ते धरायचे कसे, लावायचे कसे, चेहरा कसा ठेवायचा हे त्याला येत असतं, आणि त्यामुळे निम्मं पोकर आपल्याला येतंच असं त्याला वाटतं. गेले काही महिने मी नाशिकमध्ये, इंदिरानगरच्या माझ्या घरी, चार-पाच जणांना पोकर शिकवते आहे. नवख्यांच्या बहुतेक चुका या निम्म्यातूनच येतात, असं माझं मत आता ठाम झालंय. उरलेल्या चुका फोनच्या पडद्यातून येतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. पोकर खेळायला लागून बरीच वर्षं झाली आणि संभाव्यता समजावायला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही. गेल्या दिवाळीनंतर भाचा मागे लागला, मावशी, आम्हाला नीट शिकव. त्याच्याबरोबर इंजिनीअरिंगची त्याची एक मैत्रीण आली. तिने नंतर इंजिनीअरिंग सोडून सीए करायला घेतलं, ती गोष्ट वेगळी. सातपूरच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करणारा त्याचा शाळेतला मित्र आला. आमच्याच मजल्यावरचे काका, नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले, रमीत पट्टीचे, तेही खुर्ची ओढून बसले. भाच्याचा एक मित्र पुण्यातून ऑनलाइन येतो. मी धरून सहा जण, म्हणजे बरोबर सहा जागांचं टेबल.

पैशाचा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटवला. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि 22 ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवणाऱ्याला या कायद्यात 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण देशातल्या मोठ्या पोकर कंपन्यांनी पैशांची टेबलं लगेच बंद केली. त्यामुळे आम्ही एका अॅपवर फुकटच्या चिप्सचं खासगी टेबल उघडतो. माझ्या बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला, सुरुवातीला हेही पटलं नव्हतं. "ताई, पोरांना जुगार कशाला शिकवतेस?" असं तिने फोनवर सरळ विचारलं. मी तिला म्हटलं, तू एका रविवारी येऊन बस आणि मग सांग. ती आली बऱ्याच उशिरा. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

फुकटच्या चिप्सची एक अडचण लगेच दिसली. चिप्स संपल्या की काही तासांनी अॅप परत देतं. मग माणूस कशालाही ऑल-इन करतो, म्हणजे असतील त्या सगळ्या चिप्स लावतो, आणि सार्वजनिक फुकट टेबलांवर तर पहिल्या डावापासून तेच चालू असतं. तिथे कितीही महिने खेळलं तरी काही शिकून होत नाही, कारण चुकीची किंमतच पडत नाही. म्हणून मी एक वही केली. महिन्याला प्रत्येकाला 10,000 चिप्स, मोठा ब्लाइंड (पाळी येईल तेव्हा डावाआधी भरायच्या दोन सक्तीच्या रकमांतली मोठी) 100चा, आणि मधे भर घालायची नाही. ज्याच्या संपतील त्याने त्या महिन्यात पुढे टेबलावर बसायचं नाही. बाकीच्यांच्या शेजारी बसून डावांची नोंद वाचायची आणि कुठे काय झालं ते लिहायचं. पहिल्या महिन्यात भाचा दुसऱ्याच रविवारी तिथे जाऊन बसला. मला तर वाटतं, त्याचं शिक्षण त्या खुर्चीवरच सुरू झालं.

पत्त्यांच्या क्रमापासून सांगते, कारण ही चूक मला सगळ्यांत अनपेक्षित होती. आम्ही खेळतो त्या पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते असतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा (रिव्हर). या सातांतून ज्याचे पाच पत्ते सगळ्यांत चांगले, त्याचा पॉट, म्हणजे मधे जमलेल्या सगळ्या चिप्स. एका डावात टेबलावर उघडे पत्ते होते बदामाची छक्की, बदामाची सत्ती, इस्पिकची अठ्ठी, मग टर्नला चौकटचा राजा आणि शेवटी रिव्हरला बदामाची दुर्री. सातपूरच्या मुलाच्या हातात नव्वी आणि दश्शी, म्हणजे सहापासून दहापर्यंत सरळ सिक्वेन्स. त्याने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. सीए करणाऱ्या मुलीकडे बदामाचा एक्का आणि बदामाचा गुलाम होता. पाच बदाम झाले, पॉट तिच्याकडे सरकला आणि पुढचा डाव वाटूनही झाला. मुलगा पडद्याकडे बघत राहिला. "मावशी, सिक्वेन्स माझी होती. कलर कसा जिंकला?"

तीन पत्तीत कलरपेक्षा सिक्वेन्स मोठी आणि सगळ्यांत वर ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर आहे, आणि तीन सारखे पत्ते दोघांच्याही खाली. हा कुणाच्या मर्जीचा नियम नाही, मोजणी आहे. तीन पत्त्यांचे एकूण 22,100 संच होतात. त्यांत साध्या सिक्वेन्स 720, साधे कलर 1,096 आणि ट्रेल फक्त 52. पाच पत्त्यांवर गेलं की चित्र उलटतं. सिक्वेन्स 10,200, कलर 5,108 आणि तीन सारखे तब्बल 54,912. जे दुर्मीळ ते मोठं. हे आकडे मी त्या दिवशी कागदावर काढून घेतले, त्यांच्याचकडून, कारण पाठ केलेला क्रम खेळाच्या तापात विसरतो, स्वतः मोजलेला विसरत नाही.

पण त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट होती. घरात सतरंजीवर खेळताना पत्ते उघडले की कुणीतरी हटकतं, वाद होतो, आजी मधे पडते, आणि नवख्याला कळतं की आपण का हरलो. फोनवर कुणीच काही सांगत नाही. चिप्स सरकतात आणि नवे दोन पत्ते येतात. हरण्याचं कारण न समजता माणूस शेकडो डाव खेळू शकतो. म्हणून त्यानंतर आम्ही टेबलावर फोनच्या बाजूला पत्त्यांचा खरा कॅट ठेवायला लागलो. मोठा डाव झाला की नोंद उघडायची, तेच पत्ते कॅटमधून काढून मांडायचे आणि बोलायचं. वेळ जातो, पण वेळ जायलाच हवा. खऱ्या टेबलावर तासाला साधारण 25 ते 30 डाव होतात. ऑनलाइन एका टेबलावर साठ-सत्तर सहज होतात. चुकाही त्याच वेगाने होतात.

आता सगळ्यांत मोठ्या चुकीकडे येते. फार डाव खेळणं. पहिल्या काही रविवारांच्या नोंदी पाहिल्या तर भाचा शंभरातले साठच्या वर डाव खेळत होता. सहा जणांच्या टेबलावर चांगला खेळाडू साधारण 20 ते 25 टक्के डाव खेळतो, बाकीचे पत्ते न बोलता टाकून देतो. भाच्याला विचारलं, हा डाव का खेळलास? उत्तर ठरलेलं, "मावशी, दोन्ही इस्पिकचे होते ना." इस्पिकचा राजा आणि इस्पिकची तिर्री. एका रंगाचे दोन पत्ते हातात असताना फ्लॉपला पूर्ण कलर लागण्याची शक्यता 0.84 टक्के आहे, म्हणजे साधारण 119 वेळांतून एकदा. नऊ वेळांतून एकदा कलरला एक पत्ता कमी अशी स्थिती येते आणि मग त्या एका पत्त्यासाठी पैसे मोजत राहावं लागतं. नवख्याच्या डोळ्यांत एकाच रंगाचे दोन पत्ते फार भरतात, कारण तीन पत्तीत कलर व्हायला दोनाला फक्त एकाची जोड लागते.

तसंच एक्क्याचं. एक्का आला की पत्ते टाकायचे नाहीत, ही गोष्ट आमच्या टेबलावर सगळ्यांच्या अंगात मुरलेली होती. एक्का-पंजी घेऊन माणूस आत येतो, फ्लॉपला एक्का पडतो, तो खूश होतो आणि समोर एक्का-राणी निघते. दोघांची जोडी एक्क्यांचीच, निकाल दुसऱ्या पत्त्यावर. फ्लॉपच्या आधीपासून हिशेब केला तरी एक्का-राणी एक्का-पंजीविरुद्ध सुमारे 70 टक्के वेळा जिंकते. यातला त्रास असा की एक्का-पंजीवाला लहान पॉट जिंकतो आणि मोठे हरतो. समोर काहीच नसेल तर समोरचा टाकून देतो, समोर चांगलं असेल तर शेवटपर्यंत येतो. वहीत हे महिनाअखेरीला दिसतं. डाव चालू असताना दिसत नाही.

तीन पत्तीतली आणखी एक सवय ब्लाइंडची. तिथे पत्ते न बघता खेळणं हा मर्दपणा मानतात आणि ते स्वस्तही पडतं. पोकरमधला ब्लाइंड म्हणजे फक्त ज्याची पाळी असेल त्याने भरायची सक्तीची रक्कम. भरली की ती पॉटची झाली, आपली राहिली नाही. पण काकांपासून भाच्यापर्यंत सगळे म्हणायचे, "माझे शंभर आत आहेत, आता थोडक्यासाठी कशाला सोडू?" या एका वाक्याने सहा महिन्यांत जितक्या चिप्स गेल्या तितक्या दुसऱ्या कशाने गेल्या नसतील. आत गेलेल्या शंभरचा विचार करायचाच नाही. आता जे भरायचंय त्याच्या बदल्यात काय मिळू शकतं, एवढंच बघायचं.

हे बघायचं कसं, ते काकांच्या एका डावावरून सगळ्यांना कळलं. काकांकडे पंजी आणि छक्की. टेबलावर अठ्ठी, नव्वी, राणी, दुर्री. सत्ती आली तर पाच ते नऊ सिक्वेन्स. पॉटमध्ये 600 होते, सीएवाल्या मुलीने 300 लावले. काकांनी न थांबता कॉल केलं, म्हणजे तेवढेच 300 भरले. मी डाव संपल्यावर विचारलं तर म्हणाले, "मॅडम, मधला एकच पत्ता तर हवा होता." रमी खेळणाऱ्याचं हे अगदी स्वाभाविक उत्तर आहे. रमीत आपण मधल्या पत्त्यासाठी वाट बघतो, आणि दर फेरीला एक पत्ता उचलायला मिळतोच, त्यासाठी वेगळं काही मोजावं लागत नाही. पोकरमध्ये वाट पाहायला भाडं आहे. न दिसलेले पत्ते 46, त्यांत सत्त्या चार. म्हणजे शक्यता 9 टक्क्यांच्याही आत. आणि 300 भरून एकूण पॉट होणार 1,200, म्हणजे चार वेळांतून एकदा तरी जिंकायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी. 25 टक्के हवेत, हाताशी 9 नाहीत.

काकांनी आयुष्यभर आकड्यांच्या शिस्तीत नोकरी केलेली. त्यांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, परत मांडा. मी परत मांडलं, या वेळी कलरच्या पत्त्यावर. चार बदाम झालेत, पाचव्यासाठी एकच पत्ता उघडायचाय, 46पैकी 9 बदाम, म्हणजे सुमारे 20 टक्के. पॉटमध्ये 400 असताना समोरच्याने 200 लावले तर 200 भरून 800चा पॉट, 25 टक्के हवेत, सोडायचं. त्याने 100च लावले तर 100 भरून 600चा पॉट, 17 टक्के पुरतात, खेळायचं. पत्ते तेच आणि नशीबही तेच, फरक फक्त भावाचा. काका म्हणाले, हे तर भाजीबाजारासारखं झालं, मेथी चांगली आहे एवढ्यावर घेत नाही आपण, कितीला आहे ते बघून घेतो. त्यानंतर आमच्याकडे कुणी उगाच कॉल केलं की दुसरा विचारतो, "कितीला घेतलीस?"

पटकन हिशेब करायची एक रीत सगळ्या पोकर खेळणाऱ्यांना माहीत असते. आपल्याला उपयोगी पडतील असे पत्ते मोजायचे. फ्लॉपनंतर दोन्ही पत्ते बघायला मिळणार असतील तर त्यांना चारने गुणायचं, एकच बघायला मिळणार असेल तर दोनने. कलरचे 9 पत्ते म्हणजे 36 टक्के, खरा आकडा 35. इतकं जवळ पुरतं. नवखे इथे एक घोळ करतात. चारने गुणून आलेला आकडा धरून फ्लॉपला कॉल करतात आणि समोरचा टर्ननंतर परत लावेल हे विसरतात. दुसऱ्या पत्त्याचं भाडं वेगळं असतं.

काकांना रमीतूनच एक गोष्ट फायद्याचीही मिळाली, हे सांगायला हवं. 101च्या रमीत वाईट पत्ते आले की पहिलाच ड्रॉप घेतला, म्हणजे खेळायच्या आधीच डाव सोडला, तर 20 गुण अंगावर येतात, मधे सोडलं तर 40. पट्टीचा रमीवाला पहिला ड्रॉप घ्यायला लाजत नाही. मी म्हटलं, काका, पोकरमध्ये ब्लाइंडवर नसाल तर पहिला ड्रॉप फुकट आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि त्या रविवारपासून आमच्या टेबलावर सगळ्यांत शिस्तीत पत्ते टाकणारा माणूस तेच झाले. तरुण मुलांना तेच पटवायला कितीतरी आठवडे गेले.

जागेचं महत्त्व मात्र कुणालाच आपसूक कळलं नाही, कारण आपल्या खेळांत त्याला तितकी किंमत नाही. पोकरमध्ये बटणावर, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागी, बसलेला फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलतो. बाकीच्यांनी काय केलं ते बघून तो ठरवतो. तेच दोन पत्ते बटणावर खेळण्यासारखे असतात आणि सगळ्यांत आधी बोलायचं असेल तर टाकण्यासारखे. फोनवर बटणाचं चिन्ह लहानसं असतं आणि नवखा फक्त आपल्या दोन पत्त्यांकडे बघत असतो. मी सगळ्यांना एक महिना सक्ती केली की पत्ते बघण्याआधी बटण कुठे आहे ते मोठ्याने सांगायचं. शेजारचे हसायचे, पण सवय लागली.

आणि नुसतं कॉल करून आत येणं, ज्याला लिंप म्हणतात. रेज (रक्कम वाढवणं) नाही, फोल्ड (पत्ते टाकणं) नाही, मोठ्या ब्लाइंडइतके भरून बघूया. हे नवख्याला सुरक्षित वाटतं. 2019 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी प्लुरिबस नावाचा संगणक प्रोग्राम केला, ज्याने सहा जणांच्या टेबलावर निष्णात व्यावसायिकांना हरवलं. माणसांचे डाव न दाखवता, स्वतःशीच खेळून तो शिकला होता. त्याच्याही खेळातून हेच निघालं की लहान ब्लाइंडची जागा सोडली तर लिंप करणं तोट्याचं. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा भाचा म्हणाला, म्हणजे जुने लोक म्हणायचे ते बरोबरच होतं. हो, बरोबर होतं.

सीएवाली मुलगी सगळ्यांत हुशार, आणि तिची चूकही हुशार माणसाची होती. तिला दोन एक्के आले. 221 डावांतून एकदा येतात. तिने ठरवलं की कुणाला कळू द्यायचं नाही. नुसतं कॉल केलं. मग सगळेच स्वस्तात आत आले, पाच जण. फ्लॉप पडला आणि काकांना दोन जोड्या लागल्या. तिचे एक्के गेले. तिला वाटलं नशीब फुटकं. दोन एक्के एका अनोळखी हाताविरुद्ध 85 टक्के जिंकतात, पण पाच जणांविरुद्ध शेवटपर्यंत गेलं तर 49 टक्केच. एक्के ताकदीचे असतात ते कमी माणसांत. रेज करून माणसं कमी करायची आणि जे उरतील त्यांच्याकडून पैसे घ्यायचे. चांगले पत्ते लपवण्याची ओढ मला समजते, त्यात एक गंमत आहे, पण नवख्यांच्या टेबलावर लपवायची गरजच नसते. तिथे कुणी टाकत नाही, मग सरळ लावावं.

त्याचीच दुसरी बाजू म्हणजे ब्लफ, हातात काही नसताना असल्यासारखं लावणं. पुण्याहून खेळणाऱ्या मुलाने इंटरनेटवर खूप व्हिडिओ पाहिलेले, त्याला ब्लफचा सोस. पॉटच्या निम्मी रक्कम लावून ब्लफ केला तर समोरच्याने तीन वेळांतून एकदा पत्ते टाकायला हवेत, पूर्ण पॉट लावला तर दोनांतून एकदा. आमच्या टेबलावर पहिल्या महिन्यात सातपूरचा मुलगा रिव्हरला जवळजवळ कधीच टाकत नव्हता. "बघूया तरी काय आहे" म्हणून तो भरायचा, तीन पत्तीत शो मागतात तसा. अशा माणसाविरुद्ध ब्लफ करणं म्हणजे चिप्स देणं. वहीत दोघांच्या नावाची पानं समोरासमोर ठेवली तर एकाच्या चिप्स सरळ दुसऱ्याकडे गेलेल्या दिसत होत्या. पुण्यावाल्याने ब्लफ थांबवले, सातपूरवाल्याने रिव्हरला विचार करायला सुरुवात केली, आणि मग ब्लफना पुन्हा अर्थ आला. हे बदलत जाणं मला या खेळात फार आवडतं.

पडद्याच्या खास चुका वेगळ्या. आपली पाळी येण्याआधीच "कुणीही काही लावलं तरी कॉल" अशी खूण करून ठेवायची सोय काही अॅपमध्ये असते. ती कधीच वापरू नये, कारण रेज होईल हे माहीत नसताना आपण होकार देऊन बसतो. आपोआप चेक (काही न लावता पाळी पुढे देणं) किंवा फोल्डची खूण कमी धोक्याची, पण तीही लगेच उत्तर जात असल्यामुळे सवयीचा माणूस ओळखतो. रक्कम सरकवायच्या पट्टीवर बोट घसरून 300च्या जागी 3,000 गेलेले आम्ही पाहिलेत. आकडा टाइप करावा. चालत्या बसमध्ये खेळू नये, नेटवर्क गेलं तर चांगला हात आपोआप टाकला जातो. आणि एकाच वेळी दोन टेबलं उघडायची घाई नवख्याने अजिबात करू नये, एका टेबलावर समोरच्यांकडे लक्ष जात नाही तोवर तर नाहीच.

"अॅपमध्ये सेटिंग आहे" हा संशय सगळ्यांनीच व्यक्त केला. राजांची जोडी एक्क्यांच्या जोडीला हरवते तेव्हा हमखास. असं सुमारे 18 टक्के वेळा होतं, आणि ऑनलाइन दुप्पट वेगाने डाव होत असल्यामुळे ते डोळ्यांसमोर जास्त येतं. पण मी फक्त सांगून थांबले नाही. जोडी हातात येण्याची शक्यता 17 डावांतून एकदा. आमच्या नोंदींतले हजारेक डाव मुलांनी वाटून घेतले आणि प्रत्येकाला किती जोड्या आल्या ते मोजलं. हजारात 59 यायला हव्यात, पंधरा इकडे तिकडे चालतील हे मी आधीच फळ्यावर लिहिलं होतं. कुणाचाच आकडा त्या हद्दीबाहेर गेला नाही. त्या एका दुपारी वर्गातल्या एका सत्राइतकी संभाव्यता त्यांच्या गळी उतरली.

सातपूरच्या मुलाचा आधीचा अनुभव इथे सांगते, त्याच्या परवानगीने. कायदा येण्याआधी तो एका अॅपवर पगारातले पैसे लावून खेळायचा. त्याचं दुखणं पत्त्यांच्या फार आधी सुरू झालेलं होतं. 1 ऑक्टोबर 2023पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला. कर धरून 100 रुपये भरले तर त्यातले जवळपास 22 कराचे. अॅप बोनस देऊन ते भरून काढतो असं म्हणायचं, पण तो बोनस खेळत गेलं तरच थोडा थोडा सुटायचा. म्हणजे जास्त खेळा. प्रत्येक पॉटमधून अॅपचा रेक, म्हणजे कापून घेतलेला वाटा, वेगळा, साधारण 5 टक्के, वर ठरावीक मर्यादेपर्यंत. जिंकलंच तर एप्रिल 2023पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस. हे सगळं मांडल्यावर त्याला दिसलं की समोरच्यांशी बरोबरीत खेळणारा माणूसही तिथे हरतच होता. आणि हरल्यावर तो वरच्या रकमेच्या टेबलावर जायचा, भरून काढायला. पैशांनी खेळणारे जाणकार एका टेबलावर नेण्याच्या रकमेच्या 20 ते 30 पट बाजूला ठेवून खेळतात. तो सगळा पगार एका टेबलावर घेऊन बसायचा. आता देशाबाहेरच्या साइट्सचे संदेश त्याच्या फोनवर येतात, टेलिग्रामवर, मोठ्या बोनसची आमिषं. त्याने ते आमच्यासमोर ब्लॉक केले. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागाच नाही, हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते.

शेवटी बहीण आली. तिला ना तीन पत्ती येते ना रमी, सासरी-माहेरी कधी पत्त्यांना हात लावलेला नाही. पहिल्याच रविवारी, नियम ऐकून झाल्यावर, तिने विचारलं, "पत्ते वाईट असतील तर खेळायलाच का हवं?" भाच्याला हे कळायला अडीच महिने लागले होते. तिने त्या दिवशी शंभरातले पंधराही डाव खेळले नाहीत आणि संध्याकाळी तिच्या चिप्स जवळपास तितक्याच होत्या. तिची अडचण उलटी निघाली. गुलामांची जोडी हातात असताना टेबलावर राणी पडली की ती घाबरून टाकते, पॉट लहान असो की मोठा, समोरच्याने लावलेलं असो की नसो. तिचे टाकलेले डाव मी सध्या वेगळ्या पानावर लिहितेय, आणि पुढच्या रविवारी काका तिला मेथीचा भाव समजावणार आहेत.